टेकडीवर भेटायचं ठरवताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या जिओकॅशिंग मेळाव्याचा, म्हणजे कुणी दडवलेला डबा जीपीएसच्या आकड्यांवरून शोधायच्या आपल्या खेळाच्या मेळाव्याचा, आराखडा काल रात्री दोनदा वाचला. जानेवारीतला रविवार, वीस नवे डबे, सगळ्यांत जास्त डबे शोधणाऱ्या जोडीला बक्षीस, छापील टी-शर्ट, दुपारी जेवण. मन लावून केलं आहेस, हे ओळीओळीतून दिसतं. फोनवर घाईत काही निसटू नये म्हणून बसून लिहिते आहे.

आराखड्यात मी एक गोष्ट शोधत होते, ती सापडली नाही. जो माणूस आपल्यापैकी कुणालाच ओळखत नाही, फोनवर जिओकॅशिंगचं अ‍ॅप घेऊन एकटाच निघाला आहे, तो जागेवर पोचल्यावर त्याच्याशी पहिल्यांदा कोण बोलणार?

हे मी का विचारते ते सांगते. मी पहिला मेळावा ठरवला तो पुण्यातल्या वेताळ टेकडीवर. मीही तुझ्यासारखीच तयारी केली होती. खेळाच्या संकेतस्थळावरच्या नोंदीत अक्षांश लिहिताना १८ अंश ३१.२५४ मिनिटांऐवजी ३१.५२४ लिहिले गेले. दोन आकडे इकडचे तिकडे. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर साधारण १.८५ मीटर, तेव्हा माझी चूक बरोबर अर्धा किलोमीटर उत्तरेला गेली. आपली नेहमीची माणसं एकमेकांना फोन करत बरोबर जागी जमली. एक गृहस्थ मात्र आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन झाडीच्या पलीकडे, मी लिहिलेल्या ठिकाणी, तासभर उभे होते. त्यांच्याकडे कुणाचाच नंबर नव्हता. संध्याकाळी त्यांनी नोंद लिहिली, 'आम्ही आलो होतो, कुणी दिसलं नाही.' एवढंच. मी माफी मागितली, पुढच्या वेळी आवर्जून बोलावलं, पण ते परत आले नाहीत. ती मुलगी आता कॉलेजात असेल. तिला हा खेळ आवडला असता का, हे मला कधीच कळणार नाही, आणि ही गोष्ट मला अजून टोचते.

तेव्हा पहिलं काम: आकडे तू लिही, पण तपासू दे दुसऱ्या कुणाला. त्याने फक्त तुझी नोंद वाचून, तुला न विचारता, त्या जागी पोचून दाखवायचं. लक्षात ठेव, गूगल मॅप्स अंशाचे दशांश देतं आणि आपल्या नोंदी अंश व मिनिटांत असतात. एका अंशात साठ मिनिटं, तेव्हा १८.५२ अंश म्हणजे १८ अंश ३१.२ मिनिटं. तो आकडा तसाच '१८ अंश ५२ मिनिटं' असा उतरला, तर माणूस पुण्याऐवजी पार राजगुरुनगरच्या अक्षांशावर जाईल. आणि एक फोन नंबर नोंदीत द्यायचाच. तो फोन त्या सकाळी तुझ्या हातात असू दे, पिशवीत नको.

आता वीस डब्यांचं. खेळाच्या नियमाप्रमाणे दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं, म्हणजे वीस डबे एका ओळीत ठेवले तरी तीन किलोमीटर झाले. नवख्याला प्रत्येक डब्याला दहा मिनिटं धर, नुसत्या शोधण्यालाच तीन तासांच्या वर लागतील. जो चौथ्या डब्यालाच अडेल तो बाकीचे पुढे पळताना बघत बसेल. शिवाय डबा ठेवणं म्हणजे त्याला सांभाळणंही आलं. जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की झाकणातून ओल शिरते, लॉगबुकचा, म्हणजे आतल्या सह्यांच्या वहीचा, लगदा होतो. काही डब्यांत मुंग्या घर करून बसतात. माझे तीन डबे आहेत, तरी दर दिवाळीनंतर प्रत्येकाकडे फेरी मारावी लागते. वीस डब्यांची फेरी कोण मारणार, हे आधी लिहून काढ. नाव सुचत नसेल तर डबाही नको.

मेळाव्याला डब्याची गरजच नसते, हे तुझ्या ध्यानात आलं आहे का? संकेतस्थळाचे नियम बघ. भेटीची जागा, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, किमान अर्धा तास, आणि नोंद निदान दोन आठवडे आधी तपासणीला पाठवलेली. नुसती सगळ्यांना जमवून शोधाशोध करायची म्हणून मेळावा घेता येत नाही, आणि 'हजर होतो' असं लिहिण्यासाठी कुणाला काही कामगिरीही सांगता येत नाही. आला, भेटला, झालं. हे नियम मला शहाणपणाचे वाटतात. ३ मे २००० रोजी अमेरिकेत ऑरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळ डेव्ह अल्मरने पहिला डबा ठेवला. त्याच्या एक-दोन दिवस आधीच तिथल्या सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली होती. खेळ असा सुरू झाला आणि वर्षभराच्या आत, मार्च २००१ मध्ये, टेक्ससमधल्या ऑस्टिनला पहिला मेळावा भरला. डबे शोधणारी माणसं इतक्या लवकर एकमेकांना शोधायला लागली. मुलाकडे गेले होते तेव्हा त्याने मला त्या पहिल्या डब्याच्या जागी नेलं. रस्त्याच्या कडेला झाडीत एक फलक आहे, बाकी काही नाही. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. शेजारी एक अनोळखी आजोबा होते, त्यांनी आपल्या खिशातलं पेन मला सही करायला दिलं. फलकापेक्षा मला ते पेनच जास्त आठवतं.

जागेबद्दल. तू राजगडाचं नाव सुचवलं आहेस. गड मनात असणं मी समजू शकते, पण संरक्षित वास्तूच्या तटात, चिऱ्यांच्या फटीत, देवळीत डबा ठेवायचा नाही आणि तिथे माणसांना शोधायलाही लावायचं नाही. शोधणारा हात दगड हलवतोच. एक हलवतो, मग पन्नास हलवतात. २०२५ साली बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यांतले अकरा आपल्याकडचे, आणि राजगड त्यांत आहे. गडावर जायचं तर नुसतं बघायला जाऊ. वेताळ टेकडीचाही मोठा भाग वनखात्याकडे आहे. तिथे जमून गप्पा मारणं वेगळं आणि परवानगीशिवाय डबा दडवणं वेगळं. दगडाचीच ओढ असेल तर अर्थकॅश कर. त्याला डबाच लागत नाही, जागेवर जाऊन भूगर्भाविषयीच्या प्रश्नांची उत्तरं शोधायची असतात. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे दाखवताना मी वर्गातल्या मुलांचे चेहरे पाहिले आहेत. वाहत्या पाण्यातले गोटे गरगर फिरून बसाल्टमध्ये असे रांजण कोरतात, हे पुस्तकात सांगून पटत नाही. तो मेळावा पुढच्या वर्षी, आपण दोघं मिळून करू.

शहरात, रस्त्यावर, बसथांब्याजवळ, बागेच्या कठड्याखाली काहीही दडवू नकोस, सरावापुरतंही नको. पुण्यात फेब्रुवारी २०१० मध्ये जर्मन बेकरीत स्फोट झाला, ऑगस्ट २०१२ मध्ये जंगली महाराज रस्त्यावर झाले. तू तेव्हा लहान होतास. बेवारस पिशवी दिसली की लोकांच्या पोटात कसा गोळा यायचा, ते मी पाहिलं आहे. झाडाच्या बुंध्याशी वाकून, इकडे तिकडे बघत कुणी काही खुपसतो आहे, हे वॉचमनला, भाजीवालीला, फिरायला आलेल्या आजींना कसं दिसत असेल, त्यांच्या जागी उभा राहून बघ. आपल्या खेळात बाहेरच्यांना 'मगल' म्हणतात आणि त्यांच्यापासून लपायला शिकवतात. आपल्याकडे मी उलट सांगते. आजूबाजूच्या माणसांना आधी सांगायचं. डबा पारदर्शक असावा, त्यावर मराठीत ठळक लिहिलेलं असावं की हा खेळाचा डबा आहे, आत वही आणि खेळणी आहेत, आणि खाली नंबर. चहाच्या टपरीवाल्याला दाखवून ठेवायचा. ज्याला माहीत आहे तो तुझा डबा राखतो, हा माझा अनुभव आहे.

म्हणून माझं मत तुझ्या मामांच्या पिरंगुटजवळच्या शेताला. त्यांची परवानगी तोंडी नको, तारीख आणि वेळ लिहून त्यांना पाठव, आणि शेजारच्या बांधावरच्यांनाही स्वतः जाऊन सांग. पिकात पाऊल पडणार नाही हे बघायचं काम तुझं. तिथे सरावाचे पाचच डबे ठेवू. सकाळी ठेवायचे, दुपारी निघताना मोजून पाचही उचलायचे. त्यांची कायमची नोंद करायची नाही. एक इतका सोपा असू दे की लहान मूलही दोन मिनिटांत शोधेल. दुसरा फिल्मच्या डबीएवढा, तिसरा झाडावर पण हाताच्या उंचीवर. पाचवा हवा तेवढा अवघड कर, जुन्या मंडळींनाही काही हवं.

स्पर्धा काढून टाक. जोड्या मात्र ठेव, आणि त्या तू लाव: एक जुना, एक नवा. जुन्याला एकच सूचना, हात खिशात. त्याने जागा दाखवायची नाही. 'फोन आता चार मीटर म्हणतोय, पण झाडाखाली तो दहा मीटरही चुकतो, तेव्हा फोन खाली ठेव आणि बघ, इथे माणसाने ठेवल्यासारखं काय दिसतंय?' एवढंच बोलायचं. त्या क्षणी नवखा फोनवरून मान वर करतो. मागे अशाच एका क्षणी एका बाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठला. बांधावर चार दगड जरा जास्तच नीट रचलेले त्यांना दिसले होते. पंचवीस वर्षं त्या रोज त्याच बांधावरून जात होत्या.

आणि तू त्या दिवशी काहीही शोधायचं नाहीस. हे तुला जड जाईल, ठाऊक आहे. साडेसातला सुरुवात असेल तर सातला तू जागेवर हवास, हातात मोठ्या अक्षरातली पाटी घेऊन. शेवटचा माणूस जाईपर्यंत जागा सोडायची नाही. दहाला 'उशीर झाला, चालेल का?' म्हणत कुणी आलंच, तर त्याला तू तिथे दिसायला हवास. बसने येणाऱ्याला थांब्याचं नाव दे आणि गाडीवाल्या दोघांना चांदणी चौकात थांबायला सांग. मुली एकट्या येणार असतील तर त्यांना आधी कळू दे की मेळाव्यात बायका आहेत. माझं नाव दे, मी येणारच आहे.

सुरक्षेचं थोडक्यात, कारण तू डोंगरातला आहेस. दगडाखाली, बिळात, गवताच्या बुडाशी हात घालायचा नाही, आधी काठी. घोणस आणि फुरसं दोन्ही आपल्या भागात आहेत, आणि थंडीत ती सकाळी उन्हाला येतात. झाडावर आग्या मोहोळ दिसलं तर तो रस्ताच बंद. निघताना आणि परतताना डोकी मोजायची. जवळचं सर्पदंशावर उपचार होणारं रुग्णालय कोणतं, ते आदल्या दिवशी फोन करून खात्री करून घे. प्रत्येकाकडे लिटरभर पाणी हवंच.

जेवणाऐवजी नाश्ता ठेव. मामींना पन्नास माणसांच्या स्वयंपाकाला जुंपू नकोस. गावात कुणी पोहे-चहा करून देत असेल तर त्यांना आगाऊ पैसे दे, नक्की आकडा सांग आणि दहा माणसं कमी आली तरी पैसे कापू नकोस. शेवटचा पाऊण तास कचरा वेचायला ठेवलास तर मला फार आवडेल. शेतापासून रस्त्यापर्यंत बाटल्या पडलेल्या असतात, हातमोजे मी आणते. जगभर लोक असा स्वतंत्र मेळावाही घेतात, त्याला किमान एक तास लागतो. पण पहिल्याच वेळी त्याची वेगळी नोंद करू नकोस, सहज होऊ दे.

म्युनिकला २०१४ साली हजारो माणसांचा मेळावा झाला, त्याचे फोटो तू मला मोठ्या उत्साहाने पाठवले होतेस. पाच हजारांच्या वर माणसं आली की त्याला गिगा म्हणतात. आपल्याकडे बारा आले तरी मी खूश असेन, त्यांतले तीन नवे हवेत. त्या तिघांना त्याच संध्याकाळी तू स्वतः, नावाने, दोन ओळी लिही. गटावर एकच संदेश टाकून मोकळा होऊ नकोस. मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय कुठेही टाकायचे नाहीत.

टी-शर्टवाल्याला आगाऊ रक्कम दिली नसशील तर थांब. मंगळवारी संध्याकाळी पाचला मी पिरंगुटच्या थांब्यावर येते, उजेड आहे तोवर जागा बघून आकडे घेऊ. एकदा घेऊन भागणार नाही, दहा मिनिटांच्या अंतराने तीनदा घ्यायचे आणि सरासरी काढायची. तुझा फोन, माझा फोन, आणि वही. मामांना सांग, चहा नको, पण बांधाची कड नेमकी कुठे संपते ते दाखवायला ते पाच मिनिटं आले तर बरं होईल.

तुझ्या बाई