पिल्लू हातात घेऊ नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. आई-बाबा, ताई, भावजी आणि छोटा भाचा असा सगळा गोतावळा कोकण किनाऱ्यावरच्या वेळासला कासवं बघायला निघालाय आणि तू विचारतेस, "काका, मी काय बघणार तिथं? मी घरीच बरी." प्रश्न रास्त आहे, त्याचं उत्तर देतो. "मी घरीच बरी" या वाक्यावर मात्र मी शाई खर्च करणार नाही. बॅग भर.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तुझ्या घरी कुणीतरी ती नक्की बोलणार. दृष्टी गेली की कान तिखट होतात, तुला पिल्लांची पावलंसुद्धा ऐकू येतील, असं सांगतील. येणार नाहीत. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाचं नुकतं जन्मलेलं पिल्लू असतं जेमतेम दीड इंचाचं, वजन पंधरा-वीस ग्रॅम. ते ओल्या वाळूवरून सरपटतं आणि समोर अख्खा अरबी समुद्र गर्जत असतो. मी जन्मापासून अंध आहे, माझे कान चांगले तयार आहेत, तरी मलाही काही ऐकू आलं नाही. कासव तुझ्यापर्यंत पोहोचायचं असेल तर ते माणसांच्या तोंडून पोहोचेल. म्हणून हे पत्र निम्मं तुझ्या घरच्यांसाठी आहे. त्यांना वाचून दाखव.

तिथं काय होतं ते सांगतो. वेळास मंडणगड तालुक्यातलं, बाणकोटजवळचं गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये इथं कासवांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं. त्याआधी घरटी कोल्ह्याकुत्र्यांच्या आणि अंडी विकणाऱ्यांच्या तावडीत सापडत. आता गावातली कासवमित्र मंडळी पहाटे किनारा धुंडाळतात, अंडी अलगद काढून कुंपणाच्या आत तशाच खोलीच्या खड्ड्यात पुरतात. एका घरट्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं वर येतात. घरट्यांवर टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात. सकाळ-संध्याकाळ त्या उचलून पाहतात, पिल्लं असतील तर पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतात. लोक दोरीमागे उभे राहतात. टोपलीखाली काही नसेल तर सगळे परत फिरतात. याची हमी कुणी देत नाही, आणि तेच बरं आहे.

आता खरा मुद्दा. तू पांढरी काठी घेऊन दोरीजवळ उभी राहशील आणि पाचदहा मिनिटांत कुणीतरी कनवाळू माणूस म्हणेल, "अहो, या ताईंना दिसत नाही हो, एक पिल्लू त्यांच्या हातात द्या ना!" आजूबाजूचे चार जण माना डोलावतील. तुझी आईसुद्धा मनातून म्हणेल, द्यावं की. कासवमित्र बिचारा अवघडेल, कारण नाही म्हणणं त्याला निर्दयपणाचं वाटेल. मला हा प्रसंग माहीत आहे. माझी बायको, मुलगी, नातू सोबत होते आणि एका पर्यटक बाईंनी माझ्यासाठी अशीच रदबदली केली. मी म्हटलं, नको. त्या बाई जरा हिरमुसल्या.

तूही नको म्हण, आणि कासवमित्रावर "नाही" म्हणण्याची वेळ येण्याआधीच म्हण. पिल्लाच्या बाजूने कारणं सरळ आहेत. त्याच्या पोटात उरलेला बलक हीच त्याची शिदोरी. त्यावर त्याला वाळू ओलांडायची असते आणि मग पहिला दिवसभर किनाऱ्यापासून दूर पोहत राहायचं असतं. वाळूवरची ती चाल त्याने स्वतः चालावी, त्यातूनच मादीला पुढे हा किनारा ओळखता येत असावा, असं अभ्यासक मानतात. तू म्हणशील, कासवमित्र हाताळतातच की. हाताळतात, पण कामापुरतं. शंभर पर्यटकांच्या तळव्यांवरून फिरवत नाहीत. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हा प्राणी पहिल्या अनुसूचीत आहे. त्या अनुसूचीत "अंध व्यक्ती वगळून" असं लिहिलेलं नाही.

पण माझं खरं कारण तुझ्या बाजूचं आहे. तुझी दृष्टी जाऊन अजून दोन वर्षंही झालेली नाहीत. पुढे आयुष्यभर लोक तुझ्यासाठी नियम वाकवायला तयार असतील. रांगेत पुढे घेतील, तिकीट माफ करतील. त्यातलं काही तुझा हक्क आहे आणि ते बेधडक घे. ब्रेलमधली माहिती माग, पायवाट चालण्याजोगी माग, दोरीपाशी पुढची जागा माग. पण ज्या सवलतीची किंमत तिसराच कुणी मोजतो, ती दया असते. इथं ती किंमत पंधरा ग्रॅमचा जीव मोजतो.

मग हाताला काय मिळेल? भरपूर. अमेरिकेत गीरट व्हर्मे नावाचे शास्त्रज्ञ आहेत. जन्म 1946 चा, वयाच्या तिसऱ्या वर्षापासून पूर्ण अंध. शंखशिंपल्यांवर त्यांनी आयुष्यभर काम केलं, उष्ण कटिबंधातले किनारे हातांनी चाचपले, आणि शंखावरच्या जखमांच्या खुणा बोटांनी वाचून शिकारी खेकडे आणि गोगलगायी यांची कोट्यवधी वर्षांची झटापट मांडली. बोटं हे तुझं खरोखरचं साधन आहे. फक्त ते कुठं लावायचं ते निवड.

भाच्याला कामाला लाव. ओल्या वाळूत पूर्ण आकाराची मादी बनवायला सांग. पाठ दोन फुटांहून जरा मोठी, पुढचे पाय वल्ह्यासारखे पसरट. तिचं वजन चाळीस किलोच्या आसपास असतं, म्हणजे ताईच्या मुलाच्या जवळपास दुप्पट, हे त्याला सांगितलंस तर तो मन लावून करेल. शेजारी दीड इंचाचं पिल्लू. दोन्हींवरून हात फिरव. मग मोकळ्या जागी, घरट्यांपासून लांब, एक खड्डा खण. कोपर आत जाईपर्यंत खोल, तोंडाशी अरुंद, तळाशी फुगीर. हे सगळं मादी मागच्या पायांनी खणते, आणि तेही मागे वळून न बघता. ही गोष्ट मला फार आवडते. खणताना वरच्या आणि तळाच्या वाळूच्या तापमानातला फरक बोटांना लागेल. घरटं जास्त उबदार असेल तर माद्या जास्त निपजतात, थंड असेल तर नर. पिल्लं निघून गेलेल्या घरट्यातली टरफलं हाताळता येतील का, ते कासवमित्रांना विचार. ते नाही म्हणाले तर विषय संपला.

आता घरच्यांचं. पिल्लं सुटली की सगळे एकदम म्हणतील, "अय्या, किती गोड! ते बघ, ते बघ!" माझी बायको याच पंथातली. यातून तुला काहीही कळणार नाही. निघण्याआधीच ठरवून घ्या. बोलायचं एकानेच, आणि एकाच पिल्लाबद्दल. आकाशवाणीवर क्रिकेटचं धावतं समालोचन असायचं ना, तसं. पिल्लू कुठं आहे, पाणी किती पावलांवर आहे, आत्ता काय करतंय. वर्णन नंतर, हालचाल आधी. हे काम मोठ्यांना जमत नाही, मुलांना जमतं, कारण त्यांना सुंदर बोलायची हौस नसते. माझा नातू सांगत होता, "थांबलं. आजोबा, ते थांबलंय. खड्ड्यात पडलं, कुणाच्या तरी पायाच्या ठशात. चढतंय. उलटं झालं! झालं सरळ. लाट आली... अरे, परत बाहेर टाकलं त्याला." आमचं पिल्लू सगळ्यांत शेवटी गेलं. बाकीचे लोक चहाला पांगले होते, आम्ही चौघं मात्र हललो नव्हतो.

काठीबद्दल नीट ऐक. कोरड्या वाळूत नेहमीचं बारीक टोक रुततं, मोठं गोल फिरतं टोक लावून ने. पण दोरीजवळ पोहोचलीस की काठी मिटवून काखेत. पिल्लं कधीकधी भरकटतात, काठी फिरवलीस तर एखादं तिच्याखाली येईल. सोडणं चालू असताना एकाच जागी उभी राहा, आणि कासवमित्राने सांगेपर्यंत पाऊल उचलू नकोस. डोळस लोकांनाही हाच नियम असतो. ते तो मोडतात, हा भाग वेगळा. ताईचं कोपर धर, पण वाळूत तिने अर्ध्या गतीने चालायला हवं. पायाखाली उतार लागला की समुद्राकडे चाललीस, पाठीमागे सुरूंच्या झाडांतून वाऱ्याची शीळ आली की गावाकडे. संध्याकाळनंतर कुणालाही मोबाइलचा दिवा लावू देऊ नकोस. पिल्लं उजेडाकडे वळतात.

आणि एक आवाज तुझ्यासाठी आहे बरं का. वेळासला समुद्री गरुड असतात. हे कासवांचं सगळं प्रकरण मुळात त्या गरुडांची पाहणी करताना सुरू झालं. त्यांची हाक हंसाच्या ओरडण्यासारखी, कर्कश आणि लांबून येणारी. सकाळी कान उघडे ठेव. ऐकू आली तर बाबांना तू दाखव, बोट करून, आवाजाच्या दिशेने. झाडात बसलेला असेल तर त्यांना तो शोधायला वेळ लागेल.

मुक्कामाला गावातल्या घरीच राहा. फोन करताना विचारून ठेव: न्हाणीघर घरात आहे की परसात, वाटेत किती पायऱ्या, अंगणात कुत्रा बांधलेला असतो का. जेवण छान असतं, त्याची चौकशी करायची गरज नाही. किनाऱ्यापर्यंत बरंच चालावं लागतं, आईच्या गुडघ्यांचा विचार आधी करा. परतल्यावर काठी गोड्या पाण्याने धू आणि सांधे उघडून वाळव, नाहीतर खारं पाणी आतल्या जोडांत बसतं आणि मग ती मिटत नाही. भाच्याला समालोचनाचा सराव आत्तापासून दे, घरातल्या मांजरावर चालेल.

तुझा,
काका