रात्रीचं पाठांतर सकाळी गायब

प्रश्न : भाचा १९ वर्षांचा. अकरावीपासून हॉस्टेलवर दर शनिवारी बिअर, आता रम. रात्री पाठ केलेलं सकाळी आठवत नाही म्हणतो. दारूमुळे असेल?
– एक मामा, सांगली

उत्तर : असू शकतं. नवी आठवण पक्की करणारा हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग दारूपुढे फार नाजूक. त्यात मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालूच. २००० सालच्या एका अमेरिकी अभ्यासात दारूचं व्यसन जडलेल्या किशोरांमध्ये हिप्पोकॅम्पस लहान आढळला. मामा, एवढंच विचारा : पार्टीतलं काही मित्रांनी सांगितल्यावरच कळतं का? तसं असेल तर तो तेव्हा झोपलेला नव्हता, जागा असूनही त्या वेळची आठवण बनलीच नाही. शिवाय दारूची झोप उथळ, आणि पाठांतर मुरतं झोपेतच. थांबल्यावर बरीच सुधारणा होते. मात्र रोज पीत असेल तर एकदम तोडू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.