प्रतिनिधी की मॉनिटर?

प्रश्न : मी एका ग्रामीण माध्यमिक शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवते. आमच्याकडे दरवर्षी जुलैमध्ये शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते, शपथविधी होतो, बिल्ले दिले जातात; परंतु १५ ऑगस्टनंतर मंत्रिमंडळाचे कोणी नावही काढत नाही. यंदा ही जबाबदारी माझ्याकडे आली आहे. मंडळ वर्षभर चालावे यासाठी काय करावे?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : मतपत्रिका, गुप्त मतदान, बोटाला शाई हे सारे मुलांना मनापासून आवडते आणि ते अवश्य करावे. अडचण त्यानंतर सुरू होते, आणि तिचे मूळ माझ्या मते आपल्याच एका जुन्या सवयीत आहे : निवडून आलेल्या मुलाला आपण लगेच मॉनिटर करून टाकतो. ऑफ तासाला बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणारा मुलगा वर्गाचा प्रतिनिधी राहत नाही; तो शिक्षकांचा माणूस होतो आणि वर्गातले कोणी त्याच्याजवळ आपली अडचण काढत नाही. म्हणून 'शिस्तमंत्री' हे पद यंदापासून बंद करावे आणि मॉनिटरचे काम पाळीपाळीने सर्वांना द्यावे.

बैठकीसाठी पंधरवड्यातून एक तासिका वेळापत्रकातच राखून ठेवावी, आणि तिच्या आदल्या दिवशी प्रतिनिधीला वर्गाचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी दहा मिनिटे मिळावीत.

सर्वांत महत्त्वाची इतिवृत्ताची वही. मी मुख्याध्यापक असताना या वहीत उजवीकडे एक रुंद रकाना मोकळा ठेवत असू; प्रत्येक ठरावापुढे मी आठ दिवसांत स्वतःच्या हाताने उत्तर लिहून सही करायची, असा नियम होता. एकदा आठवीच्या प्रतिनिधी मुलीने लिहिले, 'मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दुसऱ्या दाराला आतून कडी नाही. एकीने आत जायचे आणि दुसरीने बाहेरून दार धरून उभे राहायचे, असे चालते.' मला त्या शाळेत चार वर्षे झाली होती आणि हे ठाऊक नव्हते, याची मला आजही खंत वाटते. कडी दुसऱ्याच दिवशी बसवली. पुढच्या बैठकीला विषयांची यादी एका पानात मावली नाही.

प्रत्येक मागणी मान्य करता येते असे नाही. खर्चाची बाब शाळा समितीपुढे न्यावी लागते, आणि नकार द्यायचा असेल तर त्याचे कारणही त्याच रकान्यात लिहावे. मुलांशी संबंधित बाबींत त्यांचे मत विचारात घेतले जावे, हे बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय संहितेचे १२ वे कलम सांगते आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे. तेव्हा उत्तर देणे हा मुख्याध्यापकांचा मोठेपणा मानू नये.

निवडणुकीपूर्वीच मुख्याध्यापकांकडून या रकान्याला संमती घ्या, आणि ती मिळेपर्यंत मतदानाची तारीख जाहीर करू नका.