दारं धरायला ये

चि. चित्रकार पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल तीनदा वाचली. तीन महिने अमेरिकेतल्या यूटा राज्यात राहून चित्रं काढायची म्हणतेस, फार बरं वाटलं. सोबतची यादीही पाहिली: झायन, आर्चेस, मॉन्युमेंट व्हॅली. सगळं बघ, डोळे भरून बघ. पण पहिला महिनाभर तिथं रंगपेटी उघडू नकोस. त्या कमानी आणि ते सुळके इतक्यांनी काढलेत की तुझा हात आपोआप त्यांचंच गिरवायला लागेल. त्यापेक्षा उत्तरेला, आमच्या कॅश व्हॅलीत ये. इथं बघायला काही नाही असं लोक म्हणतात, म्हणून बोलावतेय.

आधी तुझ्या कामाचं सांगते. आपण दमट हवेत चित्रकला शिकलेल्या बायका. दूरचं फिकट आणि निळसर, जवळचं गडद, हे पहिल्या वर्षीच हातात भिनतं. इथं आल्यावर मी तसेच डोंगर काढत बसले आणि सगळी चित्रं खोटी दिसायला लागली. हवा इतकी कोरडी की तीस मैलांवरच्या कड्याची घडी न् घडी दिसते, जणू हात लावावा. त्यात ओल्यावर ओला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, द्यायला जावं तर ब्रश पाण्यात बुडवून वर काढेपर्यंत कागद ठणठणीत. वर्षभर मी कागदाच्या नावानं खडे फोडले. शेवटी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, तो डोंगर नक्की किती लांब? तो म्हणाला, मधल्या कुंपणाचे खांब मोज. त्याला चित्रकलेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण उत्तर बरोबर होतं. इथलं अंतर रंगात नसतं, आकारात असतं. खांब, तारांचे डांब, गाय आहे की वासरू हे ओळखू येतं की नाही, यावरून लांबी ठरते. (जानेवारीत मात्र थंड हवा दरीत कोंडते आणि आठ-आठ दिवस समोरचं घर दिसत नाही. तेव्हा तुझा वॉश चालेल!)

कुंपण चित्रात घ्यायला लाजू नकोस. चित्रकार थॉमस मोरान 1871 साली सरकारी मोहिमेबरोबर यलोस्टोनला गेला. त्याची चित्रं अमेरिकेच्या संसदेपुढे ठेवली गेली आणि पुढच्याच वर्षी तिथं राष्ट्रीय उद्यान झालं. त्याच प्रवासात वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हरचे कडे त्यानं पाहिले आणि पुढं ते कितीतरी वेळा रंगवले. तिथं तेव्हा रेल्वे पोचलेली होती, गाव वसलेलं होतं, दारूची भट्टीसुद्धा होती. चित्रात यातलं काही नाही. नुसते सोनेरी कडे आणि घोड्यांवरचे आदिवासी. रंगकाम अफाट आहे, मी अजून त्याच्याकडून शिकते. पण माणसं-घरं खोडून जमीन मोकळी दाखवायची सवय त्या काळापासून लागलीय, आणि ती निरुपद्रवी नाही. माझ्या घरापासून पाऊण तासावर, आयडाहोतल्या प्रेस्टनजवळ, 29 जानेवारी 1863 ला सैन्यानं शोशोनी आदिवासींची शेकडो माणसं मारली, बायका-पोरांसकट. 2018 मध्ये त्यांच्याच वंशजांनी ती जमीन विकत घेतली. आता ते तिथली बाहेरून आलेली झाडं उपटून मूळची झाडं लावताहेत. तिथं जा. वही पिशवीतच राहू दे.

आता पाण्याकडे येते, कारण इथलं सगळं चित्र पाण्यानं काढलंय. हिरवा चौकोन दिसला की समज तिथवर पाट गेलाय. पाट संपला की सेजचं करडं झुडूप सुरू. एकोणिसाव्या शतकात आलेल्या मॉर्मन पंथाच्या लोकांनी हे पाट खणले. कायदा साधा आहे: ज्यानं पाणी आधी वळवलं त्याचा हक्क आधी. शेतकऱ्याकडे पाण्याचे शेअर असतात आणि त्या हिशेबानं पाळी ठरते, मिनिटामिनिटाची. आमची पाळी यंदा गुरुवारी, पहाटे दोन चाळीसला.

माझे आजोबा साताऱ्याकडे रात्री दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी शेतात वळवायला, जायचे. हा शब्द मी अमेरिकेत परत वापरेन असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. एका लांब वाशाला ताडपत्री ठोकलेली असते. वासा पाटावर आडवा टाकायचा, ताडपत्री पाण्यात सोडायची, तिच्या कडेवर दोन-चार ढेकळं दाबायची. पाणी क्षणभर बुजतं, फुगतं, आणि मग काठावरून शेतात उतरतं. अंधारात ते दिसत नाही, नुसतं ऐकू येतं; कोरडी जमीन बारीक चुरचुरत राहते. पहिल्या वर्षी मी पिकअपमध्ये झोपले आणि शेजाऱ्याच्या गोठ्यात घोटाभर पाणी गेलं. सकाळी तो एक शब्द बोलला नाही, हातात फावडं दिलं. दुपारपर्यंत आम्ही दोघं चर खणत होतो. त्यानंतर त्याची गाडी समोरून आली की स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली जायला लागली. इथं नमस्कार तेवढाच असतो.

शेतात बहुतेक ठिकाणी लसूणघास. कापून वाळवतात, पण गाठी बांधायच्या त्या दवावर, रात्री नाहीतर भल्या पहाटे. भर उन्हात हात लावला तर पानांचा चुरा होतो आणि नुसत्या काड्या उरतात. त्या वेळचा वास आणि ट्रॅक्टरच्या दिव्यात उडणारी पिवळी धूळ तू काढून दाखव. मला वीस वर्षांत जमलेलं नाही.

आणि मग स्पायरल जेटी बघायला जा, त्याआधी नको. कॉरिनला पेट्रोल भर, पिण्याचं पाणी घे. पुढं पेट्रोल मिळत नाही. वाटेत प्रोमोंटरी लागेल. 10 मे 1869 ला पूर्वेची आणि पश्चिमेची रेल्वे तिथं जोडली गेली. पश्चिमेकडून येणाऱ्या रुळांवर राबलेले बहुतेक मजूर चिनी होते. पुढं खडीचा रस्ता. शिल्पकार रॉबर्ट स्मिथसननं एप्रिल 1970 मध्ये ऑग्डेनचा एक कंत्राटदार गाठून, डंपर आणि लोडर लावून, ग्रेट सॉल्ट लेकमध्ये काळ्या बेसॉल्टचा दीड हजार फूट लांबीचा वेटोळा बांध घातला, तीच ही जेटी. बेसॉल्ट बघून तुला घरचं कुणी भेटल्यासारखं होईल, आपल्या सह्याद्रीचाच दगड. तीनच वर्षांनी स्मिथसन विमान अपघातात गेला. सरोवर चढलं आणि बांध तीसेक वर्षं बहुतेक काळ पाण्याखाली राहिला. 2002 मध्ये वर आला तेव्हा मिठानं पांढरा झाला होता.

आता तिथं कोरड्यानं फिरता येतं. पाणी शोधायला आणखी बरंच पुढं चालावं लागतं. लोक सुंदर सुंदर म्हणत फोटो काढतात, आणि आहेच ते सुंदर. पण 2022 च्या नोव्हेंबरात सरोवराची पातळी 1847 पासूनच्या नोंदींत सर्वांत खाली गेली. उघड्या पडलेल्या तळाची धूळ वाऱ्याबरोबर गावांवर येते, आणि त्या धुळीत आर्सेनिक आहे. दुष्काळ आहेच, पण सरोवरात पोचायचं जे पाणी वाटेत अडतं त्यातला सर्वांत मोठा वाटा शेतीचा, त्यातही वैरणीचा. सरोवराला सर्वांत जास्त पाणी देणारी बेअर रिव्हर आमच्या दरीतूनच जाते. म्हणजे मी ज्या लसूणघासाच्या वासावर जीव टाकते, तोच त्या बांधाभोवतीचं पाणी पितो. मला याचं उत्तर सापडलेलं नाही. पाळी सोडावी तर शेजाऱ्यांच्या घासाचं काय? नवरा गेला तेव्हा याच लोकांनी चीज-बटाट्याचे, वर कॉर्नफ्लेक्स पसरलेले सात ट्रे दारात आणून ठेवले होते. सात! आपल्याकडे सुतकाच्या घरी पिठलं-भात येतो, तसंच ते. त्यांना मी काय तोंडानं सांगू?

तुझ्या चित्रात हे कसं येईल, मला सांगता येणार नाही. हिरवा कुठून आला हे ठाऊक असलेल्या हातानं तो लावलेला बघायचाय, एवढंच.

बुधवारी संध्याकाळपर्यंत पोच. गमबूट माझ्याकडे जास्तीचे आहेत, तुला थोडे मोठे होतील, दोन मोजे घाल. स्वेटर आण, जुलैतही पहाटे हात गारठतात. थर्मासमध्ये चहा मी घेते. बॅटरी तू धर, ताडपत्री मी सोडते. पुढच्या पाळीला उलट करू.

तुझी,
मावशी