शाहनाम्यात विनंती कशी केली जाते? नुसती गयावया असते का?

गयावया कमीच. फिरदौसी या कवीच्या शाहनामा या फारसी महाकाव्यात (पूर्ण झाले साधारण इ. स. 1010 मध्ये) विनंतीला अनेकदा अशी बांधणी दिसते: आधी जुन्या सेवेची आठवण, मग नेमकी मागणी, शेवटी देणाऱ्याचा फायदा.

सर्वांत चांगलं उदाहरण इराणचा महावीर रुस्तम आणि त्याचा मुलगा सोहराब यांचं. आपल्याच हातून मुलगा घायाळ झाल्यावर रुस्तम गूदर्ज या सरदाराकरवी इराणचा राजा कैकाऊसकडे नोशदारू हे संजीवक औषध मागतो. निरोप असा: माझं काही चांगलं काम आठवत असेल तर औषध पाठवा, तुमच्या भाग्याने पोरगा वाचला, तर माझ्यासारखाच तुमच्या सिंहासनापुढे चाकरी करील. वरवर बिनतोड! पण घोळ नेमका इथेच होतो. कैकाऊसच्या मनात येतं, एक रुस्तमच आवरत नाही, त्यात असला मुलगा जगला तर माझं काय? म्हणजे ज्या मुद्द्याने राजी करायचं, त्यानेच तो बिथरतो. औषध मिळत नाही, आणि रुस्तम स्वतः मागायला निघेपर्यंत सोहराब जातो.

राजपुत्र इस्फंदियार रुस्तमला बेड्या घालून दरबारात न्यायला येतो, तेव्हा त्याच्याशी बोलतानाही रुस्तम पुष्कळ नमतो. पाहुणचार, खजिना, दरबारात सोबत येणं, सगळं देऊ करतो. फक्त बेड्या घालून घ्यायला तयार नाही.