तिथी ठरली, आता कॅमेरा कोणाच्या हाती? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

तुळशीचे लग्न लागले की नाशिकमधले फोटोग्राफर पुढच्या वैशाखापर्यंत मोकळे सापडत नाहीत. गेली बावीस वर्षे मी शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत लग्नांचे फोटो काढतो आहे. यंदा आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत.

मुलीचे लग्न मे महिन्यात आहे. तीन स्टुडिओंनी ४५ हजार, ९० हजार आणि पावणेदोन लाख असे दर दिले. तिघेही 'कँडिड, सिनेमॅटिक, दोन अल्बम' हेच सांगतात. फरक कसा ओळखायचा? – वधूपिता, पाथर्डी फाटा

दर तूर्त बाजूला ठेवा आणि आधी एवढेच विचारा: 'आमच्या लग्नात कॅमेरा कोणाच्या हातात असेल?' मोठ्या तिथीला एकाच स्टुडिओकडे तीन-चार लग्ने असतात. मालक एका ठिकाणी जातो, बाकीकडे त्या दिवसापुरती बोलावलेली मुले जातात. त्यात गैर काही नाही, त्यांतली कितीतरी मुले फार छान काम करतात. पण तुम्हाला दाखवलेले फोटो त्यांनी काढलेले नसतात. म्हणून येणाऱ्या माणसाचे नाव विचारा, त्याला प्रत्यक्ष भेटा आणि त्यानेच केलेले एक अख्खे लग्न बघायला मागा. निवडक तीस फोटो कोणाचेही सुंदरच दिसतात. हळदीपासून पाठवणीपर्यंतचे सगळे फोटो बघा, शक्यतो तुमच्यासारख्याच कार्यालयातले. ट्यूबलाइटखाली कातडीचा रंग कसा आला आहे? होमाच्या धुरात चेहरे स्पष्ट आहेत का? आजी-आजोबा किती वेळा दिसतात? अर्ध्या तासात तो माणूस तुम्हाला कळेल. दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथून उठा.

दुसरा प्रश्न कार्डाचा. कॅमेऱ्यात दोन मेमरी कार्ड बसतात का, आणि प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्हींवर जातो का? हे मी माझ्या चुकीतून सांगतो आहे. सुरुवातीला माझ्याकडे एकाच कार्डाचा कॅमेरा होता. सिन्नरच्या एका लग्नात कार्ड बिघडले आणि दोन तासांचे काम गेले. त्या कुटुंबाच्या अल्बममध्ये सीमांतपूजनानंतर एकदम जेवणाची पंगत येते. मी पैसे परत केले, पण कन्यादान परत देता आले नाही. घरी गेल्यावर त्याच रात्री फोटो दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवतात का, हेही विचारा.

आता दर. तीनही कोटेशन समोर ठेवून सारखे मुद्दे शोधा: माणसे किती, तास किती, ग्रहमख आणि हळद धरली आहे का, अल्बमची पाने किती. १२ बाय ३६ इंची अल्बमची तीस पाने आणि पानावर चार-पाच फोटो धरले तर एकशेवीस ते दीडशे फोटो बसतात. त्यापुढच्या प्रत्येक पानाचे पैसे वेगळे लागतात आणि ते नेमके लग्नानंतर कळते. १८ टक्के जीएसटी दरात आहे की वर लागणार, हेही लिहून घ्या. ज्याची नोंदणी नाही त्याला जीएसटी लावता येत नाही, म्हणून बिलावर नोंदणी क्रमांक बघा.

थोरल्याच्या लग्नात टाळी लागली तेव्हा स्टेजवर पन्नास-साठ माणसे होती. एकाही फोटोत दोघांचे चेहरे नीट नाहीत. धाकट्याच्या वेळी असे होऊ नये म्हणून काय करावे? – निफाड तालुका

तुमच्या पत्राने मला फार वाईट वाटले, कारण हे मी दर हंगामात बघतो. टाळी लागते, म्हणजे अंतरपाट दूर होतो, तो क्षण दोन-तीन सेकंदांचा, आणि नेमके तेव्हाच पाहुणे मोबाइल उंचावून पुढे येतात. फोटोग्राफर कितीही चांगला असला तरी माणसांच्या आरपार बघू शकत नाही. हे काम घरच्यांचे आहे. वधू-वरांच्या दोन्ही बाजूंना हातभर रुंदीची वाट मोकळी ठेवायची, हे भटजींना आणि सूत्रसंचालकाला आदल्या दिवशीच सांगा. आशीर्वादाची भाषणे झाली की मान्यवरांनी खाली बसून अक्षता टाकाव्यात, अशी विनंती माइकवरून व्हावी. दोन मामांना तिथे उभे करा, मामांचे कोणी मोडत नाही. फोटोग्राफरला विचारा, 'मंगलाष्टके सुरू होताना तुमची दोन माणसे कुठे उभी असतील?' ज्याने असा विचार केलेला असतो तो लगेच सांगतो: एक वराच्या खांद्यामागे, एक वधूच्या.

मंडपवाल्याशीही बोला, कारण निम्मे फोटो त्याच्या हातात असतात. औरंगाबाद रोडच्या लॉन्सवर दुपारी साडेबाराचा मुहूर्त असेल आणि वर लाल किंवा जांभळे कापड असेल, तर ऊन त्यातून गाळून येते आणि सगळे चेहरे त्या रंगाचे होतात. नंतर संगणकावर ते पूर्ण निघत नाही. वधू-वरांच्या डोक्यावर तेवढा भाग पांढऱ्या कापडाचा ठेवायला सांगा. गोरज मुहूर्त असेल तर स्टेजवर समोरून साधा पिवळसर-पांढरा प्रकाश हवा. निळे-जांभळे फिरते दिवे विधी संपेपर्यंत बंद.

मला कँडिड फोटो हवेत. आईबाबांना 'सगळे नातेवाईक ओळीत' हवे आहेत. घरात रोज वाद होतात. – नियोजित वधू, इंदिरानगर

ताई, आईबाबांचे थोडे ऐका. वीस वर्षांनी अल्बम उघडाल तेव्हा हसताना टिपलेली मैत्रीण आवडेलच, पण मोठ्या आत्यांसोबतचा सरळ उभा राहून काढलेला फोटो शोधाल. दोन्हींसाठी दोन वेगळी माणसे ठेवा. एकाच माणसाला दोन्ही सांगितले की तो दिवसभर ओळी लावत बसतो. कुटुंबाच्या फोटोंची यादी करा, वीसपेक्षा जास्त गट नकोत, आणि दोन्हीकडचा एक-एक माणूस नेमा ज्याला सगळे नातेवाईक चेहऱ्याने माहीत आहेत. सूनमुख आणि कानपिळी यांसारखे तुमच्या घरचे विधी आधी समजावून सांगा. बाहेरगावच्या फोटोग्राफरला ते कधी होतील याचा अंदाज नसतो.

लग्नाला अकरा महिने झाले. सत्तर टक्के पैसे दिले आहेत, अल्बम अजून नाही. करार केला नव्हता. – सातपूर

आधी एक तपासा: अल्बमसाठी फोटो निवडून दिलेत का? बऱ्याचदा काम तिथेच अडलेले असते. दिले असतील तर तारीख घालून लेखी मागणी करा, पंधरा दिवसांची मुदत द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे आणि यूपीआयच्या नोंदी जपून ठेवा, कराराच्या जागी त्याच उभ्या राहतात. तरीही काही झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, तेव्हा 'बघू' म्हणत बसू नका.

बाकीच्यांनी यातून पैशांची वाटणी ठरवावी. मी स्वतः ठरवताना पाव, लग्नाच्या दिवशी निम्मे आणि उरलेले पाव अल्बम हातात दिल्यावर घेतो. शेवटचा पाव हातात असला की तुमचा फोनही उचलला जातो.

स्टुडिओने न विचारता आमच्या हळदीचे रील टाकले. आता मूळ फाइलीही देत नाहीत, 'फोटो आमच्या मालकीचे' म्हणतात. खरे आहे का? – कॉलेज रोड

१९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ इथे तुमच्या बाजूने आहे. पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक काम सांगणारा असतो, करारात वेगळे लिहिले नसेल तर. ते 'तर' महत्त्वाचे. बुकिंगच्या छापील फॉर्मवर मागे बारीक अक्षरात वेगळी अट असू शकते, सही केली असेल तर आधी ती वाचा. रील काढायला लेखी सांगा. मी तर ठरवतानाच विचारतो की कोणते फोटो बाहेर दाखवू आणि कोणते नाही. हळदीत भिजलेल्या मुलींचे फोटो घरातच राहावेत असे अनेकांना वाटते, आणि तो त्यांचा अधिकार आहे. फाइलींबाबत 'रॉ'चा, म्हणजे कॅमेऱ्यातून जशाच्या तशा निघालेल्या फाइलींचा आग्रह धरू नका, ते अर्धवट शिजलेले अन्न आहे. पूर्ण आकाराच्या, वॉटरमार्क नसलेल्या जेपीईजी फाइली मागा.

ड्रोन घ्यावा का? आणि एप्रिलमध्ये द्राक्षबागेत प्री-वेडिंग करायचे आहे, बाग कोणती चांगली? – गंगापूर रोड

ड्रोन वरातीसाठी ठीक, मंगलाष्टकांच्या वेळी नको. त्याच्या घरघरीत भटजी ऐकू येत नाहीत. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो आणि व्यवसाय म्हणून तो उडवणाऱ्याकडे पायलटचे प्रमाणपत्र हवे. दोन्ही दाखवायला सांगा. आपल्याकडे ओझरचा विमानतळ, देवळालीचा लष्करी भाग आणि नाशिकरोडची नोटप्रेस आहे, अशा जागांच्या आसपास ड्रोनवर निर्बंध असतात. तुमचे ठिकाण 'डिजिटल स्काय' या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशात हिरव्या, पिवळ्या की लाल भागात येते, हे ड्रोनवाल्याला सांगता आले पाहिजे.

द्राक्षबागेसाठी मात्र एप्रिल सोडा. तेव्हा खरड छाटणी झालेली असते, तारांवर नुसती खोडे आणि काड्या दिसतात. हिरवी पाने आणि लटकणारे घड जानेवारी-फेब्रुवारीत असतात, त्यामुळे मे महिन्याच्या लग्नाचे शूटही तेव्हाच उरकून घ्या. पांडवलेणीचा विचार असेल तर ते पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे, स्टँड आणि दिवे लावायचे तर परवानगी आधी काढा. आणि बागेत जाण्यापूर्वी मालकाला शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा. घड हातात धरून, गालाला लावून फोटो काढायचे असतात.