पॉइंटर मिळाला, पण मेमरी सोडायची कोणी?

प्रश्न: सेन्सरसाठीची आमची सी लायब्ररी आता बाहेरच्या टीमला द्यायची आहे. डॉक्सिजनने (कोडमधल्या कॉमेंटवरून माहितीची पानं बनवणाऱ्या टूलने) डॉक्युमेंटेशन करा, असं वरून सांगितलंय. फंक्शनची नावं बोलकी आहेत, मग प्रत्येक पॅरामीटरपुढे तेच पुन्हा कशाला लिहायचं? आणि कॉमेंट लिहूनही फंक्शन पानावर येत नाहीत, ते का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: दुसरं आधी उरकतो. हेडरच्या, म्हणजे फंक्शन जाहीर करणाऱ्या फाइलच्या, सुरुवातीच्या कॉमेंटमध्ये 'फाइल' ही कमांड नसेल, तर डॉक्सिजन त्यातली ग्लोबल फंक्शन घेत नाही. ती एक ओळ घाला. 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' हे सेटिंग चालू केलंत तरी सगळं दिसेल, पण मग कॉमेंट कुठे राहिली याच्या वॉर्निंग बंद होतात. तो मार्ग मला पसंत नाही.

आता मुख्य मुद्दा. 'लेन: लेंग्थ' असं लिहिणार असाल तर खरंच लिहू नका. सीच्या प्रोटोटाइपला (फंक्शनचं नाव आणि टाइप सांगणाऱ्या ओळीला) जे सांगताच येत नाही, ते लिहा. स्ट्रडप (स्ट्रिंगची प्रत काढून देणारं फंक्शन) आणि गेटएन्व्ह (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची किंमत देणारं) घ्या. दोन्ही कॉन्स्ट कॅर पॉइंटर (स्ट्रिंगचा मेमरीतला पत्ता) घेतात, दोन्ही कॅर पॉइंटर देतात. कंपायलरच्या लेखी दोन्ही एकाच छापाची. पण स्ट्रडपने दिलेली मेमरी आपण फ्री करायची. गेटएन्व्हने दिलेली फ्री करायची नाही, त्या स्ट्रिंगला हातही लावायचा नाही, आणि नंतर कोणी सेटएन्व्हने व्हेरिएबल बदललं तर तो पॉइंटर निकामी होऊ शकतो. हा सगळा फरक फक्त डॉक्युमेंटेशनमध्ये असतो. म्हणून कुठलाही हेडर तपासायला आला की मी आधी 'रिटर्न'ची ओळ वाचतो.

तुमच्या रीड फंक्शनचंच बघा. बफरच्या 'पॅराम'ला (पॅरामीटरसाठीच्या कमांडला) 'आउट' लावा आणि पुढे लिहा: 'जागा कॉलरची, किमान लेन बाइट, नल चालत नाही.' 'रिटर्न: यश किंवा एरर' एवढ्यावर भागवू नका. प्रत्येक कोडला वेगळा 'रेटव्हॅल' (एकेका रिटर्न किमतीसाठीची कमांड) द्या आणि तो आल्यावर पुन्हा कॉल करायचा की डिव्हाइस बंद करायचं, तेही सांगा. इंटरप्टमधून किंवा दोन थ्रेडमधून कॉल चालतो का? त्यासाठी 'वॉर्निंग' ही कमांड आहे.

जीटीकेच्या (खिडक्या-बटणं बनवायच्या सी लायब्ररीच्या) जगात तर कॉमेंटमधला 'ट्रान्स्फर फुल' (मेमरी आता कॉलरची) किंवा 'ट्रान्स्फर नन' (कॉलरची नाही) हा शेरा जीऑब्जेक्ट इंट्रोस्पेक्शन ही इतर भाषांशी जोडणारी यंत्रणा वाचते, आणि मेमरी सोडायची की नाही हे पायथनची बाजू त्यावरून ठरवते. शेरा चुकला की मेमरी गळते, नाहीतर प्रोग्रॅम कोसळतो. माझ्या मते तुमच्या कॉमेंटकडेही इतक्याच गांभीर्याने बघायला हवं.

डॉक्सिजनची 'वॉर्न नो पॅरामडॉक' आणि 'वॉर्न ॲज एरर' ही सेटिंग चालू ठेवा, म्हणजे राहिलेला पॅरामीटर बिल्डमध्येच अडेल. लिहिलेलं खरं आहे का, हे मात्र टूलला कळत नाही. त्यासाठी या कोडला कधी हात न लावलेल्या सहकाऱ्याला फक्त तयार पानं द्या आणि सेन्सर वाचणारा छोटा प्रोग्रॅम लिहायला सांगा. ज्या क्षणी तो सोर्स उघडून बघेल, तिथे त्याला काय हवं होतं ते विचारा आणि त्याच दिवशी हेडरमध्ये घाला.